निळा रंग दिसल्याशिवाय थ्रॉटलला हात नाही: सेसना १७२ चं इंधन आणि टेकऑफ

पंखातल्या टाकीखालून भरलेला तपासणीचा कप विमानाच्या पांढऱ्या दारासमोर धरून माझी विद्यार्थिनी म्हणाली, “सर, एकदम क्लीन आहे. एक कण नाही.”

जुलैची सकाळ होती, रात्रभर पाऊस कोसळून गेला होता. कपात खरंच कचरा नव्हता. तळाशी पाण्याचा थेंबही वेगळा लोळताना दिसत नव्हता. मी विचारलं, “अगं, निळा रंग कुठंय?” तिने कप पुन्हा उजेडाकडे धरला, मग नाकाशी नेला. वासच नाही. कपभर निव्वळ पाणी होतं. त्या पंखाखालून सलग तीन कप पाणी निघालं. चौथ्या कपात वर निळसर पेट्रोल आणि तळाशी हरभऱ्याएवढा पाण्याचा गोळा होता. पाचवा कप पूर्ण निळा आला. टाकीच्या झाकणाखालचं रबर चिरलं होतं आणि रात्रीचा पाऊस सरळ आत उतरला होता. त्या दिवशी आम्ही उडालो नाही. विमान मेंटेनन्सकडे दिलं आणि दोघं चहा प्यायला गेलो.

मी शिकवताना टेकऑफचा धडा ह्या कपापासून सुरू करतो, कारण टेकऑफ हा आधी इंधनाचा प्रश्न आहे आणि मग उड्डाणाचा. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवणारी मूठ, पूर्ण पुढे असतं तेव्हा इंजिनाला सगळ्यात जास्त पेट्रोल लागतं, आणि नेमकं त्याच वेळी विमान सगळ्यात खाली, सगळ्यात हळू असतं. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, २०११ ते २०१५ ह्या वर्षांचा हिशोब मांडला होता. इंधनाच्या हाताळणीतल्या चुकांमुळे तिथे छोट्या विमानांचे दरवर्षी सरासरी ५० हून जास्त अपघात होत होते, आणि त्यांत यंत्रणेचा बिघाड फार थोड्या वेळा सापडला. पेट्रोल कमी भरलं, चुकीच्या टाकीवर ठेवलं किंवा तपासलं नाही, अशीच कारणं जास्त.

खालचे आकडे सेसना १७२एस ह्या चार सीटच्या छोट्या विमानाचे आहेत: लायकमिंगचं १८० अश्वशक्तीचं फ्युएल इंजेक्शनवालं इंजिन, कमाल टेकऑफ वजन २,५५० पौंड. जुनी १७२ किंवा १५२ उडवत असाल तर कार्ब्युरेटर असेल आणि आकडे वेगळे असतील. पायपर कंपनीच्या विमानांत तर टाक्यांची रचनाच वेगळी. तुमच्या विमानात ठेवलेलं हँडबुक हेच तुमच्यासाठी प्रमाण. माझ्या लेखातला आकडा आणि हँडबुकातला आकडा जुळला नाही, तर हँडबुक खरं धरा.

आदल्या रात्री: किती पेट्रोल, कुठल्या मापात

आपल्याकडे इंधनाची पावती लीटरमध्ये येते, हँडबुक गॅलनमध्ये बोलतं आणि वजनाचा तक्ता पौंडात असतो. गोंधळाला एवढं पुरेसं आहे. १९८३ मध्ये कॅनडात एका बोइंग ७६७ चं इंधन हवेतच संपलं, कारण किलो आणि पौंड यांत गफलत झाली होती. व्यावसायिक वैमानिक आणि अख्खा ग्राउंड स्टाफ असूनही हे झालं. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर हे तीन आकडे लिहून ठेवा: १ अमेरिकन गॅलन म्हणजे ३.७८५ लीटर, १ गॅलन एव्हगॅसचं (छोट्या विमानांच्या पेट्रोलचं) वजन ६ पौंड, १ लीटरचं साधारण ०.७२ किलो.

एक उदाहरण घेऊ. बारामतीहून छत्रपती संभाजीनगर सरळ रेषेत साधारण ११० नॉटिकल मैल. वारा नसेल तर तासाभराची वाट, जाऊन-येऊन दोन तास. ताशी १० गॅलन धरा. बारीक हिशोबात खप कमी निघेल, पण नियोजनात हात सढळ ठेवावा. दोन तासांचे २० गॅलन. इंजिन सुरू करणं, टॅक्सी (धावपट्टीपर्यंत जमिनीवरून चालवणं) आणि टेकऑफ यांना हँडबुक १.४ गॅलन देतं. आंतरराष्ट्रीय नियमांत दृश्य (बाहेर डोळ्यांनी बघून केलेल्या) उड्डाणासाठी दिवसा ३० मिनिटांची आणि रात्री ४५ मिनिटांची किमान राखीव आहे. मी मात्र दिवसाही पूर्ण तासाची ठेवतो आणि विद्यार्थ्यांकडूनही तीच ठेवून घेतो, कारण राखीव पेट्रोलाची गरज पडते तो दिवस आधीच बिघडलेला असतो. म्हणजे आणखी १०. चढाईचा जादा खप आणि समोरून येणारा वारा मिळून तीन-साडेतीन. झाले ३५ गॅलन, म्हणजे १३२ लीटर.

आता हेच “३५” कोणी फोनवर लीटर म्हणून ऐकलं, तर विमानात सव्वानऊ गॅलन येतील. तासभरसुद्धा पुरणार नाहीत. म्हणून इंधन मागवताना एकक तोंडाने उच्चारायचं आणि समोरच्याकडून परत म्हणून घ्यायचं.

१७२एस ला ह्या ३५ ची एक सोय आहे. टाकीच्या तोंडातून आत डोकावलं की धातूची एक पट्टी खाली आलेली दिसते. दोन्ही टाक्या त्या पट्टीच्या खालच्या टोकापर्यंत भरल्या की वापरता येणारं इंधन ३५ गॅलन होतं. गळ्यापर्यंत भरल्या तर एकूण ५६, त्यातले वापरता येतात ५३. उरलेले तीन टाकीच्या तळाशी राहतात. ते हिशोबात धरायचेच नाहीत.

गळ्यापर्यंत भरणं नेहमीच शहाणपणाचं नसतं. ५३ गॅलन म्हणजे १४४ किलो. ह्या विमानाच्या रिकाम्या वजनावर साधारण ४०० किलो चढवता येतात, आणि जादा उपकरणं बसवलेल्या विमानात त्याहून कमी. ७५ किलोची चार माणसं बसली की ३०० किलो झाले, पेट्रोल धरून ४४४. विमान जमिनीवरच जड झालं. चार सीट आहेत म्हणून चार माणसं आणि टाकी आहे म्हणून फुल्ल, असं जमत नाही. एक काहीतरी सोडावं लागतं.

विमानाजवळ: डोळ्यांनी, काठीने, नाकाने

डॅशबोर्डवरच्या फ्युएल गेजवर विश्वास ठेवून उडू नका. गेज हा एक साक्षीदार आहे, निकाल डिपस्टिकचा. विमान सपाट जागी उभं असताना दोन्ही झाकणं उघडा, काठी सरळ घाला, आकडा वाचा, लिहा. झाकण लावलं की हाताने हलवून बघा, आणि त्याखालचं रबर बोटाने चाचपा. आमच्या त्या जुलैच्या सकाळी गोष्ट तिथेच अडली होती.

नंतर ड्रेन. १७२एस मध्ये तेरा ठिकाणी पेट्रोल काढून बघता येतं: प्रत्येक पंखाखाली पाच आणि पोटाखाली तीन. जुन्या १७२ मध्ये जागा कमी असतात. कंटाळा करून दोन-तीनच ठिकाणी कप लावणारे लोक मी पाहिले आहेत. पण पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते सगळ्यात खोल खड्ड्यात जाऊन बसतं, आणि खोल खड्डा कुठला हे विमान कसं उभं आहे त्यावर ठरतं. पाणी सापडलं तर पंख हलके हलवायचे, शेपूट खाली दाबायची, थोडा वेळ थांबायचं आणि सगळे ड्रेन पुन्हा घ्यायचे. तरीही पाणी येत राहिलं तर उड्डाण नाही.

कपात तीन गोष्टी शोधायच्या. पहिली रंग: १०० एलएल एव्हगॅस निळं असतं. पांढऱ्या पृष्ठभागासमोर धरल्याशिवाय हा फिका निळा रंग कळत नाही, आकाशासमोर तर मुळीच नाही. दुसरी वास: पेट्रोलचा वास यायला हवा. रॉकेलसारखा आला तर टाकीत जेट विमानांचं एटीएफ गेलं आहे. कागदावर थेंब टाकून बघा. एव्हगॅस उडून जातं, एटीएफ तेलकट डाग ठेवतं. जेट इंधनावर हे इंजिन टिकत नाही. लाइनमध्ये उरलेल्या चांगल्या पेट्रोलवर ते सुरू होऊ शकतं, आणि भेसळ पोचली की टेकऑफच्या ताकदीवर सिलिंडरमध्ये ठोके बसायला लागतात. तिसरी गोष्ट तळ: पाण्याचा गोळा, गंजाचे कण, रबराचे तुकडे. पिंपातून हातपंपाने इंधन भरलं जातं अशा धावपट्टीवर हे जास्त सापडतं.

हे इंधन आपल्याकडे सुखासुखी मिळत नव्हतं. सगळं बाहेरून यायचं. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या रिफायनरीत तयार झालेलं एव्हगॅस बाजारात आणलं, तेव्हा देशातल्या ट्रेनिंग स्कूलवाल्यांनी सुस्कारा सोडला. तरी कुठून आलं, कुणी भरलं, याने कपाची तपासणी चुकत नाही.

टाकीला श्वास लागतो हे विसरू नका. पेट्रोल खाली गेलं की त्या जागी हवा आत यावी लागते, आणि ती डाव्या पंखाखालच्या व्हेंटमधून येते. कुंभारीण माशीला असली बारीक नळी घर बांधायला फार आवडते. आठवडाभर उभ्या राहिलेल्या विमानाच्या व्हेंटमध्ये आणि वेग मोजणाऱ्या पिटो नळीत मातीचं बुच मी स्वतः पाहिलं आहे. व्हेंट बंद असेल तर पेट्रोल असूनही ते इंजिनापर्यंत पोचेनासं होतं.

ऑइल पाच क्वार्टच्या खाली असेल तर उडायचं नाही. बाकी वॉक-अराउंड तुमच्या चेकलिस्टप्रमाणे करा. त्यात मला वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

सिलेक्टर: सगळ्यात लहान मूठ, सगळ्यात मोठा निर्णय

दोन सीटच्या मध्ये जमिनीवर एक मूठ असते, कुठल्या टाकीतून पेट्रोल घ्यायचं ते ठरवणारी: लेफ्ट, बोथ, राइट. टेकऑफ आणि लँडिंगला बोथ. हे इतकं सोपं आहे की लोक तिकडे बघायचं विसरतात.

चूक होते ती अशी. विमान उतारावर उभं असतं, एका टाकीतलं पेट्रोल दुसरीत जाऊन झाकणातून सांडू नये म्हणून रात्री कोणीतरी मूठ लेफ्टवर किंवा राइटवर ठेवतो. हे करणं बरोबरच आहे. सकाळी दुसरा वैमानिक येतो, मूठ खाली असते, पायाशी नकाशा आणि बॅग असते, आणि “बोथ” हा शब्द तो चेकलिस्टमधून मोठ्याने वाचतो पण हात तिथे जात नाही. माझा नियम असा की सिलेक्टर डोळ्यांनी बघायचा नाही, हाताने धरायचा. मूठ खटकन बसली हे बोटांना कळलं पाहिजे. दोन खाचांच्या मधे राहिलेली मूठ लांबून बरोबरच दिसते.

दुसरा नियम सगळ्याच विमानांना लागू आहे, आणि पायपर किंवा डायमंडसारख्या, बोथ नसलेल्या विमानांना जास्तच. टेकऑफच्या तोंडावर टाकी बदलायची नाही. टाकी बदलल्यावर लाइनमध्ये, गाळणीत आणि कार्ब्युरेटरच्या वाटीत जुन्या टाकीचं पेट्रोल शिल्लक असतं. नवी टाकी बंद असो, रिकामी असो, पाण्याने भरलेली असो, तेवढ्या शिलकीवर इंजिन एखाद-दोन मिनिटं छान चालतं. टॅक्सी संपवून, धावपट्टीवर येऊन, चाकं सुटेपर्यंत. म्हणून बदल करायचाच असेल तर रन-अपच्या (टेकऑफआधी उभ्या विमानात इंजिन तपासण्याच्या) आधी करा. मग रन-अपची दोन-तीन मिनिटं नव्या टाकीवर जातात आणि काही गडबड असेल तर ब्रेक दाबलेले असतानाच कळते. पायपरमध्ये पंख खाली असल्याने पेट्रोल पंपाने वर ओढावं लागतं, त्यामुळे टेकऑफला इलेक्ट्रिक पंप चालू ठेवतात. सेसनाचे पंख वर आहेत, पेट्रोल आपल्या वजनाने खाली येतं, आणि १७२एस मध्ये टेकऑफला ऑक्झिलरी पंप बंद असतो.

अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी माँटेरेच्या समुद्रात कोसळून गेला. त्या घरी बांधलेल्या विमानाचा सिलेक्टर वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे होता. तो फिरवायला मागे वळताना विमानावरचा ताबा सुटला, असं तपासात नोंदवलं गेलं. उड्डाणाआधी त्याने पेट्रोलही भरून घेतलं नव्हतं. सिलेक्टर कुठे आहे आणि डोळे मिटून तिथे हात जातो का, हे जमिनीवरच बघायचं असतं.

टॅक्सी आणि रन-अप: मिक्श्चरची लाल मूठ

मिक्श्चर म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारी लाल मूठ. पूर्ण पुढे म्हणजे रिच, मागे ओढाल तसं लीन, पूर्ण मागे म्हणजे इंजिन बंद.

१०० एलएल मध्ये शिसं असतं. मंद चालणाऱ्या थंड इंजिनात रिच मिक्श्चरवर ते नीट जळून जात नाही आणि स्पार्क प्लगवर बारीक मणी धरतात. म्हणून टॅक्सी करताना लीन करा. करायचं तर नावापुरतं नको, चांगलंच करा. १२०० आरपीएमवर (मिनिटाला इंजिनाचे फेरे) लाल मूठ मागे घेत जा, आरपीएम आधी किंचित वाढेल, तिथे थांबा, थ्रॉटल पुन्हा कमी करा. मी त्याहूनही थोडं मागे घेतो. इतकं, की चुकून तसंच टेकऑफला गेलं तर थ्रॉटल पुढे ढकलताच इंजिन घुटमळून मरायला टेकेल. अर्धवट लीन केलेलं इंजिन टेकऑफला ताकद देतं आणि आतून भाजत राहतं. धोका त्या अर्धवटपणात आहे.

रन-अपला वाऱ्याकडे नाक, ब्रेक, मिक्श्चर रिच, १८०० आरपीएम. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि त्यांना ठिणगी पुरवणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो आहेत. एक बंद केला की आरपीएम थोडा पडणारच. १५० हून जास्त पडू नये, आणि दोघांच्या पडण्यात ५० हून जास्त फरक नसावा. आरपीएम पडला पण इंजिन थरथरायला लागलं, तर बहुधा प्लगवर शिसं धरलंय. थोडा आरपीएम वाढवा, मिक्श्चर लीन करा, काही सेकंद चालू द्या, पुन्हा तपासा. बऱ्याचदा साफ होतं. दोनदा करूनही गेलं नाही तर परत फिरा.

आरपीएम अजिबात पडलाच नाही, तर नवे विद्यार्थी खूश होतात. खूश होऊ नका. तो मॅग्नेटो बंदच होत नाहीये. किल्ली बंद करून विमान पार्क केल्यावरही त्याचा प्रॉपेलर कोणी हाताने हलवला तर इंजिन फिरू शकतं. लगेच सांगा आणि विमान थांबवा.

कार्ब्युरेटरवाल्या १५२ मध्ये कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी मूठ, ओढा. आरपीएम पडला पाहिजे. पडून मग हळूहळू वर चढला, तर आत बर्फ धरला होता आणि तो वितळला. पावसाळ्यात, विशेषतः कोकण-गोव्याच्या दमट हवेत, बाहेर वीस-पंचवीस अंश असताना हे होतं, आणि बर्फ म्हटलं की हिमालय आठवणाऱ्या माणसाला ते पटत नाही. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल उडताना हवा झपाट्याने थंड होते, म्हणून. टेकऑफला कार्ब हीट पूर्ण बंद. गरम हवेत ताकद कमी असते आणि ती हवा गाळलेलीही नसते.

मे महिन्याची दुपार

पुणे, संभाजीनगर, बारामती ह्या पठारावरच्या धावपट्ट्या १,९०० ते २,००० फुटांच्या आसपास आहेत. प्रमाणित हवेत २,००० फुटांवर ११ अंश तापमान असायला हवं. बाहेर ४० असेल तर २९ अंश जास्त. दर अंशाला साधारण १२० फूट धरले तर जवळजवळ ३,५०० फूट वाढले. म्हणजे तुम्ही बारामतीत उभे आहात, पण पंख, प्रॉपेलर आणि इंजिन यांना वाटतंय आपण साडेपाच हजार फुटांवर आहोत. हीच घनता-उंची.

तिचा परिणाम हँडबुकातल्या तक्त्यात बघा. पूर्ण वजन, कोरडी डांबरी धावपट्टी, वारा शून्य, शॉर्ट-फील्ड (छोट्या धावपट्टीची) पद्धत. समुद्रसपाटीवर २० अंशांना विमान सुमारे १,००० फूट धावून उठतं. २,००० फुटांवर ४० अंशांना जवळपास १,४०० फूट लागतात, आणि ५० फुटांचा अडथळा ओलांडेपर्यंत २,३५० च्या आसपास. मागून वारा असेल तर दर २ नॉटला १० टक्के वाढवा. समोरून असेल तर दर ९ नॉटला १० टक्के कमी. कोरड्या गवतावर जमिनीवरची धाव १५ टक्क्यांनी वाढवा. हे आकडे चांगल्या इंजिनाचे आणि नेमक्या हातांचे आहेत. मी त्यांच्या दीडपट धावपट्टी असल्याशिवाय निघत नाही.

मिक्श्चरचा प्रश्नही इथेच येतो. हँडबुक म्हणतं, ३,००० फुटांच्या वर लीन करून जास्तीत जास्त आरपीएम काढा. विरळ हवेत पूर्ण रिच म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जादा, इंजिन गुदमरल्यासारखं चालतं आणि असलेली ताकदही मिळत नाही. धावपट्टीची उंची २,००० आहे म्हणून मे महिन्यात डोळे मिटून रिच ठेवणं मला पटत नाही, कारण इंजिन उंचीचा बोर्ड वाचत नाही, हवा ओढतं. पद्धत अशी: ब्रेक दाबून थ्रॉटल पूर्ण पुढे, लाल मूठ हळूहळू मागे, आरपीएम चढत जाईल, कमाल होऊन उतरायला लागला की मूठ थोडी पुढे, रिचच्या बाजूला. इन्स्ट्रक्टर शेजारी बसलेले असताना हे आधी करून घ्या. आणि थंडीच्या सकाळी, समुद्राकाठच्या धावपट्टीवर, पूर्ण रिच म्हणजे पूर्ण रिच. तिथे जादा पेट्रोल सिलिंडरला थंड ठेवतं आणि पूर्ण ताकदीवर ठोके बसू देत नाही.

धावपट्टीवर

लाइन-अप करण्याआधी (विमान धावपट्टीवर सरळ उभं करण्याआधी) मोठ्याने बोला, एकटे असाल तरी: “धावताना काही बिघडलं तर थ्रॉटल बंद, ब्रेक. उठल्यावर समोर धावपट्टी असेल तर तिच्यावरच. नसेल तर नाक खाली, ७० नॉट, समोर, डावी-उजवीकडे थोडंच वळून.” परत धावपट्टीकडे वळायचं नाही. कमी उंचीवरचं ते वळण किती उंची खातं, हे सुरक्षित उंचीवर थ्रॉटल बंद करून इन्स्ट्रक्टरसोबत एकदा करून बघा. पुन्हा कधी मोह होत नाही.

शेवटचा हात फिरवा: सिलेक्टर बोथ, लाल मूठ जागेवर, ट्रिम (नाकाचा कल सांभाळणारं चाक), फ्लॅप (पंखामागच्या झडपा) शून्य किंवा १० अंश, दारं. मग थ्रॉटल दोन-तीन सेकंदांत सावकाश पूर्ण पुढे. धक्क्याने नको. तळहात थ्रॉटलवरच राहू द्या.

आता डोळे एकदा आत: आरपीएम. जागेवर उभ्या विमानाला पूर्ण थ्रॉटलवर २,३०० ते २,४०० मिळायला हवेत. त्याहून कमी दिसले तर इंजिन आजारी आहे, थांबा. ऑइल प्रेशर हिरव्यात. एअरस्पीडचा काटा हलला का? हलला नाही तर कुंभारीण आठवा आणि थांबा. डोळे बाहेर. विमान डावीकडे ओढेल, उजवा रडर (पायाने चालणारं शेपटीचं सुकाणू) द्या, जितका लागेल तितका.

धावपट्टीच्या मध्यावरची एखादी खूण आधीच हेरून ठेवा, वळणाचा टॅक्सी-वे असेल, झाड असेल. तिथपर्यंत उठण्याच्या वेगाचा ७० टक्के वेग मिळाला नाही तर टेकऑफ सोडा. ५५ नॉटचे ७० टक्के म्हणजे साधारण ३९, मी ४० धरतो. हा ढोबळ नियम आहे, पण मे महिन्यात फार कामाचा.

५५ नॉटला नाक हलकेच उचला. विमान आपणहून उठेल. जमिनीजवळच्या हवेच्या आधारावर ते कमी वेगातही तरंगतं, आणि गरम दुपारी लोक तिथेच नाक ताणतात. मग दहा-पंधरा फुटांवर तो आधार सुटतो आणि विमान चढेनासं होतं. वेग होऊ द्या. ७० ते ८० मध्ये चढा. सर्वोत्तम चढाईचा वेग समुद्रसपाटीवर ७४. पुढे अडथळा असलेल्या छोट्या धावपट्टीवरून फ्लॅप १० ठेवून अडथळा ओलांडेपर्यंत ५६.

चढाईत इंजिन घुटमळलं तर पहिली हालचाल नाक खाली. सिलेक्टर, पंप, मिक्श्चर हे त्यानंतर, तेही उंची असेल तरच. उंची नसेल तर ७० नॉट, समोरची मोकळी जागा, मिक्श्चर मागे, फ्युएल शटऑफ, मॅग्नेटो बंद, फ्लॅप, मास्टर बंद, दार उघडं. हा क्रम पाठ हवा. त्या वेळी वाचायला सवड नसते.

चढून झाल्यावर

३,००० फुटांच्या वर चढाईतही इंजिन सुरळीत चालेल इतकं लीन करा. क्रूझला ७५ टक्के किंवा त्याहून कमी ताकद ठेवून ईजीटीचा (इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या तापमानाचा) काटा बघत लाल मूठ मागे घ्या. तापमान चढत शिखराला जाईल, तिथून रिचच्या बाजूला ५० अंश फॅरनहाइट खाली आणा. शिखरावरच ठेवलं तर पेट्रोल आणखी वाचतं. उंची बदलली की हे सगळं पुन्हा. उतरायला लागलात की मिक्श्चर थोडं थोडं पुढे. क्रूझचं लीन तसंच ठेवून खाली आलेलं विमान गो-अराउंडला (उतरणं सोडून पुन्हा वर जाताना) थ्रॉटल मागताच अडखळतं.

दर अर्ध्या तासाला गुडघ्यावरच्या कागदावर वेळ, दोन्ही गेज आणि हिशोबाने उरलेलं पेट्रोल लिहा. गेज आणि हिशोब यांत जो कमी सांगतो, तो खरा मानायचा. टाक्या पाव भरल्या असताना एकाच टाकीवर असाल तर तिरपं, घसरतं उड्डाण लांबवू नका. पेट्रोल एका बाजूला सरकून टाकीचं तोंड उघडं पडतं.

उतरलात, इंजिन बंद केलं, की पुन्हा डिपस्टिक घाला. निघतानाचा आकडा वजा उतरल्याचा आकडा, भागिले तास. प्रत्येक विमानासाठी एक पान ठेवा. हँडबुक सगळ्या १७२ चा खप सांगतं, ते पान तुमच्या १७२ चा सांगतं. मी ज्याच्यावर सर्वाधिक शिकवलं, ते विमान ट्रेनिंगच्या सर्किटमध्ये ताशी ८.४ घ्यायचं आणि लांबच्या वाटेवर ९.३. एकदा पानावर ११ आला. मेंटेनन्सवाल्यांनी कावलिंग, म्हणजे इंजिनावरचं आवरण, उघडलं तेव्हा फ्युएल लाइनच्या जोडापाशी निळा डाग वाळलेला होता, अंगठ्याच्या नखाएवढा.